ऑटोमॅटिक गाडी दुपारच्या उन्हात गिअर सोडते, थंड झाली की परत ठीक: गिअरबॉक्स खोलायच्या आधी काय काय पाहायचं

मार्च संपत आला की हीच तक्रार घेऊन लोकं यायला लागतात. सकाळी गाडी मस्त चालली, दुपारी तालुक्याच्या बाजारात नाहीतर रेल्वे फाटकावर थांबली, परत डी मध्ये (पुढे चालायच्या गिअरात) टाकली तर डिस्प्लेवर एन, म्हणजे न्यूट्रल, लुकलुकते, बीप बीप वाजते आणि गाडी जागची हलत नाही. अर्धा-पाऊण तास लिंबाच्या सावलीत उभी ठेवली की परत चालते. मंग माणूस घाबरतो, "भाऊ, गाडी गिअरच घेऊन नाही रायली, गिअरबॉक्स गेला वाटते." शहरातल्या वर्कशॉपला नेली तर तिथे पोचेपर्यंत गाडी ठीक झालेली असते, ते लोक स्कॅनर लावतात, कोड (गाडीच्या कंप्युटरने नोंदलेली बिघाडाची तक्रार) पुसतात, बिल घेतात, आणि पुढच्या आठवड्यात त्याच फाटकावर तेच. तिसऱ्या वेळी सांगतात की गिअर टाकणाऱ्या मशीनची पूर्ण किट बदलावी लागेल, आणि किटचा आकडा ऐकून माणूस खालीच बसतो.

मी यवतमाळ जिल्ह्यात ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो. माझं ठाम मत आहे की आपल्या भागात जी ऑटोमॅटिक गाडी "गिअरबॉक्स गेला" म्हणून येते तिच्यात बहुतेक वेळा आतल्या दात्यांना, शाफ्टला काहीच झालेलं नसते. बिघाड बॅटरीत असते, अर्थिंगमध्ये (बॅटरीच्या मायनसकडे करंट परत नेणाऱ्या जोडात) असते, एखाद्या स्विचमध्ये, ऑइलमध्ये नाहीतर क्लच प्लेटमध्ये असते. म्हणून स्वस्तातल्या गोष्टी आधी पाहा, महागड्या नंतर, आणि हा क्रम कोणालाही उलटा करू देऊ नका.

पण त्याच्याही आधी आपल्या गाडीत कोणता ऑटोमॅटिक आहे ते माहीत करून घ्या, कारण चारही प्रकारांचं दुखणं वेगवेगळं आहे. एएमटी म्हणजे साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स आणि साधीच कोरडी क्लच प्लेट, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम मशीन करते. आपल्याकडे हे २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओपासून सुरू झालं आणि किंमत कमी म्हणून गावोगाव पोचलं. गिअरच्या दांड्याला पार्कचं पी नसेल, नुसतं आर-एन-डी आणि बाजूला एम किंवा प्लस-मायनस असेल तर बहुधा एएमटीच समजा. दुसरा टॉर्क कन्व्हर्टरवाला, यात इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधात ऑइल फिरते. तिसरा सीव्हीटी, दोन पुली आणि लोखंडी बेल्ट, गिअर बदलल्याचा धक्काच लागत नाही. चौथा डीसीटी, दोन क्लचवाला. गाडीच्या पुस्तकात पाहा, नसेल तर मॉडेल आणि वर्ष सांगून पार्टवाल्याले विचारा. "ऑटोमॅटिक आहे" एवढ्यावर ऑइल किंवा पार्ट घेऊ नका.

आता गाडी रस्त्यात अडली तर त्या वेळी काय करायचं. ॲक्सिलरेटर दाबत राहू नका. बाजूला घ्या, हँडब्रेक लावा, एन मध्ये टाका, पार्क असेल तर पार्कमध्ये, आणि मोबाईल काढून डिस्प्लेचा फोटो घ्या, जमलं तर आवाजासकट व्हिडिओ. कोणते दिवे लागले, एसी चालू होता का, किती वेळ गाडी चालली होती, चढ होता का, जळका वास आला का, हे तिथेच मोबाईलमध्ये लिहून ठेवा. बिघाड येतो-जातो प्रकारचा असला की वर्कशॉपमध्ये तो दिसत नाही, मग तुमचा हा फोटो आणि हे चार शब्दच कामी येतात. आणि कोड पुसायच्या आधी लिहून घ्यायला लावा, त्या कोडसोबत त्या वेळचं इंजिनचं तापमान, स्पीड, व्होल्टेज हेही बऱ्याच गाड्यांत साठवलेलं असते, पुसलं की तेही गेलं. ऑनलाइन मिळणारा छोटा ब्लूटूथवाला स्कॅनर बहुतेक फक्त इंजिनचा कंप्युटर वाचतो, गिअरबॉक्सचा वाचत नाही. त्याच्यात पी०७०० आला तर त्याचा अर्थ एवढाच की गिअरबॉक्सच्या कंप्युटरजवळ काहीतरी तक्रार नोंदलेली आहे, काय तक्रार ते मोठ्या स्कॅनरने तिथूनच वाचावं लागते. पी०७०० पाहून गिअरबॉक्स बदला म्हणणारा मिस्त्री असला तर तिथून गाडी काढा.

मंग सुरुवात बॅटरीपासून. मे महिन्यात चंद्रपूर, ब्रम्हपुरी, अकोल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, बोनेटखाली त्याच्याहून कितीतरी जास्त, आणि उष्णतेने बॅटरी थंडीपेक्षा लवकर मरते. त्यात गाडी उभी, इंजिन आयडलवर, एसी फुल, रेडिएटरचा फॅन फुल, पाय ब्रेकवर म्हणून ब्रेक लाईट चालू, एवढ्या लोडला आयडलवरचा अल्टरनेटर जेमतेम पुरतो. एएमटीचा पंप किंवा मोटर अशा वेळी करंट मागते, व्होल्टेज खाली बसते, आणि कंप्युटर गिअर टाकायला नाही म्हणतो. मल्टिमीटर घ्या, स्वस्तात मिळतो. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ च्या आसपास पाहिजे, १२.२ म्हणजे अर्धी उतरली. सेल मारताना साडेनऊ-दहाच्या खाली गेली तर बॅटरी थकली. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५, आणि एसी, हेडलाईट, फॅन सगळं चालू करून परत मोजा, तेव्हाही १३ च्या खाली नाही यायला पाहिजे. स्कॅनरमध्ये पी०५६२ असेल तर तो व्होल्टेज कमी पडल्याचाच कोड आहे.

बॅटरी चांगली निघाली तर अर्थिंग, आणि याच्यावर मी जास्त बोलतो कारण याच्याकडे कोणी पाहतच नाही. एका गुरुजींची सेकंड हँड एएमटी गाडी माझ्याकडे आली, मागच्या उन्हाळ्यापासून दुपारी गिअर सोडायची, वर्कशॉपने कोड पुसून झाले होते आणि ॲक्च्युएटरची, म्हणजे क्लच दाबणाऱ्या आणि गिअर टाकणाऱ्या मशीनची, पूर्ण किट सांगितली होती. बॅटरी नवी होती, व्होल्टेज बरोबर. मी मीटरचा एक वायर बॅटरीच्या मायनसवर धरला आणि दुसरा गिअरबॉक्सच्या उघड्या ॲल्युमिनियमवर, आणि गुरुजींना सेल मारायला लावला. तिथे जवळपास शून्य दिसायला पाहिजे, फार तर पाव व्होल्ट. मीटरवर एक व्होल्टाच्या वर दिसला. बॅटरीचा ट्रे काढला तर खाली गिअरबॉक्सवरून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी, तिच्या बोल्टच्या वायसरखाली पांढरी-हिरवी बुकटी साचलेली, जुन्या बॅटरीचं ॲसिड कधीतरी सांडलेलं असणार. वरून पाहिलं तर बोल्ट घट्टच होता, पाना लावला तरी फिरत नव्हता, पण करंट जायची जागाच गंजून गेली होती. गाडी थंड असताना काम भागत होतं, तापली की जोडाचा रेझिस्टन्स वाढत होता. बोल्ट खोलून पट्टी, वायसर आणि बॉडीची जागा पॉलिश पेपरने चकचकीत घासली, बेकिंग सोड्याच्या पाण्याने ॲसिड धुतलं, सुकवलं, बोल्ट आवळला आणि वरून व्हॅसलीन लावलं. मीटर परत लावला तर ०.१ च्या आत. गुरुजी पूर्ण मे महिना ती गाडी घेऊन फिरले, गिअरने एकदाही दगा दिला नाही. किटचे पैसे वाचले ते त्यांनी लेकीच्या ॲडमिशनला वापरले.

हे मोजायला दोन माणसं, एक मीटर आणि पाच मिनिटं लागतात. किट सांगणाऱ्याने हे मोजलं होतं का, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

त्याच्यानंतर ब्रेक लाईटचा स्विच, ब्रेक पेडलच्या वर असतो, छोटासा, स्वस्त. उभी ऑटोमॅटिक गाडी बहुतेक वेळा ब्रेक दाबल्याशिवाय एन मधून किंवा पार्कमधून गिअरात जात नाही, आणि तुम्ही ब्रेक दाबला हे गाडीला या स्विचवरूनच कळते. आपल्या पांदण रस्त्याची धूळ आत जाऊन जाऊन याचा कॉन्टॅक्ट खराब होतो. कोणालातरी मागे उभं करा आणि ब्रेक हळू दाबा, जोरात दाबा, सोडा, परत दाबा. लाईट लुकलुकली, उशिरा लागली किंवा कधी लागलीच नाही तर स्विच बदला. पण लाईट बरोबर लागली म्हणून स्विच पास असंही नाही, बऱ्याच गाड्यांत त्याच स्विचमध्ये दोन कॉन्टॅक्ट असतात, एक लाईटचा आणि एक कंप्युटरचा. स्कॅनरवर लाईव्ह डेटामध्ये ब्रेक ऑन-ऑफ पाहता येतो, कोड पी०५७१ असेल तर सरळ इथेच या.

एएमटीवाल्यांसाठी अजून एक गोष्ट कानाने ऐकायची आहे. बऱ्याच एएमटीमध्ये ड्रायव्हरचं दार उघडलं की पुढून घर्रर्र असा आवाज येतो, दोन-चार सेकंद चालतो आणि बंद होतो. तो ऑइलचा पंप आहे, गिअर टाकायला लागणारा दाब आधीच भरून ठेवतो. (काही गाड्यांत ऑइल नसते, नुसती इलेक्ट्रिक मोटर असते, त्यात हा आवाज येणार नाही, तेव्हा घाबरू नका.) शांत जागी चाबी ऑन करा, इंजिन चालू करू नका, गिअरला हात लावू नका, आणि ऐका. पंप एकदा चालून गप्प बसला पाहिजे. काहीच न करता थोड्या थोड्या वेळाने परत परत घर्र करत असेल तर दाब कुठेतरी उतरतो आहे, एक तर दाब साठवायचा गोल डबा थकला नाहीतर आतून ऑइल गळते. आणि अजिबातच आवाज नसेल तर आधी फ्यूज आणि रिले पाहा, सरळ पंप मागवू नका. ऑइलची छोटी टाकी असते, ती पाहताना एक लक्षात ठेवा की पंपाने दाब भरल्यावर लेव्हल खाली जाते आणि दाब उतरल्यावर वर येते, त्यामुळे कोणत्या स्थितीत पाहायची हे पुस्तकात लिहिलं असेल तशीच पाहा, नाहीतर उगाच वरून ओतून ठेवाल. या टाकीत ब्रेक ऑइल टाकू नका, पॉवर स्टेअरिंगचं टाकू नका. त्याचं ऑइल वेगळं आहे, एका ब्रेक ऑइलच्या बाटलीने आतले सील फुगतात आणि मंग खरंच किट लागते.

हे सगळं ठीक निघालं तर क्लच. एएमटीचा क्लच तुम्ही पायाने दाबत नाही म्हणून तो घासत नाही असं लोकांना वाटते, उलट जास्त घासतो. नोव्हेंबरपासून कापसाचा हंगाम लागला की हिंगणघाट, वणी, पांढरकवड्याकडे जिनिंगच्या रस्त्याने जाऊन पाहा, पुढे कापसाने भरलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या आणि मागे कार. गाडी हात-दोन हात सरकते, थांबते, परत सरकते, आणि दर वेळी क्लच अर्धा लागून राहतो. पाच-सहा फूट जागा मोकळी होऊ द्या, मंग एकदम सरका, आणि थांबा जास्त असेल तर एन मध्ये टाका. दुसरी सवय याच्याहून वाईट, चढावर थांबल्यावर ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबून गाडी धरून ठेवणं. परतवाड्यावरून चिखलदऱ्याचा घाट चढताना वळणावर एसटी समोर आली की लोकं हेच करतात, आणि वर पोचेपर्यंत जळका वास. हँडब्रेकने धरा, ॲक्सिलरेटर दिला की हँडब्रेक सोडा. घाटात डी वर सोडून देऊ नका, मॅन्युअलमध्ये घेऊन दुसऱ्यावर ठेवा, उतरतानाही दुसऱ्यावरच, म्हणजे ब्रेकही वाचतील.

क्लच संपल्याची खूण ही की आरपीएम (इंजिनचे फेरे) वर जाते आणि स्पीड त्या मानाने वाढत नाही, उठताना गाडी थरथरते, रिव्हर्समध्ये चढावर घ्यायला गेलं की त्रास देते. प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग बदलायचं काम तालुक्याचा चांगला मिस्त्री करू शकतो, आतून ती मॅन्युअलच गाडी आहे. पण बदलल्यावर स्कॅनरने लर्निंग करावं लागते, म्हणजे नवी प्लेट कुठे टेकते हे कंप्युटरला शिकवावं लागते. ते केलं नाही तर नव्या क्लचवरही गाडी झटके मारते, पहिला गिअर घेताना उडी मारते, आणि लोकं म्हणतात पार्ट डुप्लिकेट होता. काम द्यायच्या आधी विचारा, "लर्निंग कोण करून देणार?" उत्तर नसेल तर क्लच इथे टाकून लर्निंगसाठी जिल्ह्याला न्यायची सोय आधीच करून ठेवा.

टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटीवाल्यांनी ऑइलकडे पाहावं. "लाइफटाइम ऑइल आहे, बदलायची गरज नाही" हे वाक्य आपल्या उन्हात खरं मानू नका. गाडीचं पुस्तक उघडा, त्यात धूळ, फार गरमी, डोंगर, वजन ओढणं याला कठीण वापर म्हटलेलं असते आणि त्यासाठी ऑइलचा टप्पा लवकरचा दिलेला असते. आपलं गाव त्या यादीतल्या बहुतेक अटी पूर्ण करते. ऑइल काळं आणि करपल्या वासाचं झालं, डी मध्ये टाकल्यावर गाडी उचलायला दोन-तीन सेकंद घेते, गरम झाल्यावर गिअर बदलताना धक्का बसतो, तर ऑइल बदलून पाहायची वेळ झाली. पण ऑइल त्या गाडीला सांगितलेल्या ग्रेडचंच. सीव्हीटीमध्ये साधं एटीएफ (टॉर्क कन्व्हर्टरवाल्या ऑटोमॅटिकचं ऑइल) टाकलं तर बेल्ट पुलीवर घसरतो आणि पुली खरचटली की ती दुरुस्ती परवडत नाही. बऱ्याच गिअरबॉक्सला डिपस्टिकही (ऑइल मोजायची पट्टी) नसते, ऑइल ठरावीक तापमानाला आल्यावर बाजूचा बोल्ट खोलून लेव्हल पाहतात, त्यामुळे "अंदाजाने टाकून देतो" म्हणणाऱ्याकडे हे काम देऊ नका. रेडिएटरची जाळी पुढून पाण्याने धुवून घ्या, कापसाचा फुफाटा आणि कुटाराचा भुसा तिथे चिकटून बसतो, आणि गिअरबॉक्सचं ऑइलही बहुतेक तिथेच थंड होते.

डीसीटीबद्दल थोडक्यात. कोरड्या क्लचचा डीसीटी गरमी आणि थांबत-सरकत चालणं या दोन्हींना नाजूक आहे. हे माझंच म्हणणं नाही, २०१३ मध्ये फोक्सवॅगनने सात गिअरवाल्या डीएसजीसाठी (त्यांच्या डीसीटीचं नाव) जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्या ऑइल बदलायला परत बोलावल्या होत्या, कारण उष्ण-दमट हवा, थांबत-चालणारी ट्रॅफिक आणि सिंथेटिक ऑइल एकत्र आलं की गिअरबॉक्सच्या आतली वीज बंद पडायची. त्यानंतर सुधारणा झाल्या, तरी जुनी डीसीटी घेताना तिचे सर्व्हिसचे कागद पाहिल्याशिवाय घेऊ नका. "ट्रान्समिशन गरम" असा इशारा आला तर लगेच थांबा, घर जवळ आहे म्हणून रेटू नका.

पावसाळ्यात तक्रार बदलते. गाडी कुटाराच्या कोठ्याजवळ किंवा गोठ्यात लावत असाल तर उंदीर वायर खातात. एबीएसचा (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी सिस्टीम) दिवा आणि गिअरचा दिवा सोबत लागला की चाकाच्या स्पीड सेन्सरचा वायर आधी तपासा, गिअरबॉक्सला गाडीचा स्पीड कळला नाही तर तो गोंधळतो. काळ्या मातीचा चिखल चाकाच्या आत दगडासारखा वाळतो आणि तोच वायर ओढून तोडतो, म्हणून वावरातून आल्यावर चाकं आतून धुवा. नाल्याच्या पुलावरून पाण्यातून गाडी काढली असेल आणि पाणी गिअरबॉक्सच्या वरपर्यंत गेलं असेल तर हवेच्या नळीतून पाणी आत जाऊ शकते. ऑइल काढून पाहा, दुधाच्या चहासारखं दिसलं तर गाडी चालवू नका, आधी ऑइल बदला. आणि गाळात फसली तर डी-आर-डी-आर करत चाकं फिरवत बसू नका, त्या पाच मिनिटात क्लच जळतो. चाकाखाली तुराट्या, पऱ्हाट्या, फळ्या टाका, नाहीतर सरळ ट्रॅक्टर बोलवा.

ट्रॅक्टरने गाळातून बाहेर काढायला हरकत नाही, न्यूट्रलमध्ये, हळू, तेवढ्यापुरतं. पण बंद पडलेली ऑटोमॅटिक ट्रॅक्टरला दोर बांधून गावापासून तालुक्यापर्यंत ओढत नेऊ नका. टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटीमध्ये ऑइलचा पंप इंजिनवर चालतो, इंजिन बंद म्हणजे आत ऑइल फिरत नाही आणि चाकं मात्र सगळं आतून फिरवत राहतात. किरकोळ बिघाडाची गाडी पोचेपर्यंत खरंच गिअरबॉक्स गेलेली असते. जी चाकं इंजिन फिरवते ती उचलून न्या, नाहीतर पूर्ण गाडी पिकअपवर चढवून न्या. धक्का मारूनही ही गाडी चालू होत नाही, त्यात वेळ घालवू नका, दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून जंपर लावा. एएमटी न्यूट्रलमध्ये आलेली असेल तर थोडं अंतर ओढता येते, पण गिअरातच अडकून बसली असेल तर तिलाही पिकअपच लागते. पिकअपवाल्याला फोनवरच सांगा की गाडी ऑटोमॅटिक आहे आणि पुढचं चाक ओढतं की मागचं, म्हणजे तो फळ्या आणि पट्टे घेऊन येईल.